हारात अडकलेले साहेब

अगं, आमच्या ट्रेनिंगच्या क्रेनच्या हुकाला ग्रीसऐवजी झेंडूचा वास यायचा, तिथंच मला शंका यायला हवी होती. सर म्हणाले, "ताई, परीक्षा सिरसाळ्यात. साहेबांचा सत्कार हाय. हार नीट धरलास की सर्टिफिकेट हातात."

क्रेननं तो भलामोठा हार अधांतरी धरला. साहेब आत शिरून हात जोडून उभे राहिले. तेवढ्यात फटाके वाजले, मी दचकले, लिव्हर ओढला गेला. हार काखेत अडकून साहेब वर! लोकांनी टाळ्याच वाजवल्या. साहेब पाय झाडत होते आणि खाली घ्यायचं तर आम्हाला अजून शिकवलंच नव्हतं. सरांना फोनवर फोन लावले. शेवटी उचलला.

"सर, साहेब लटकलेत! खाली कसं घेऊ?"

"पास झालीस तू. पण आत्ताच खाली घेऊ नको, ग्रुपवर फोटो लई भारी यायलेत."