बाळाचं नाक

— काय म्हणालीस? विकत घेतानाच्या जुन्या फोटोत मूर्तीतल्या बाळाला नाक आहे? आणि ओठसुद्धा? बघ बाई, मला फोटो दाखवून काय उपयोग, त्रेचाळीस वर्षं या डोळ्यांना खिडकी कुठाय तेही दिसलेलं नाही — नाही नाही, मूर्ती बदललेली नाही गं, चोरीबिरी काही नाही, तीच आहे ती. विद्यापीठातून एवढी आलीयस, बस ना. कॉफी घे. बिस्किटांचा डबा तुझ्या डाव्या हाताला असेल. आमच्याकडे एका कपाला एकच बिस्कीट असं काही नाही, दोन घे. इतर लोकांसारखे चिकट नाही आम्ही.

विबे, माझा नवरा, दातांचा डॉक्टर. दिवसभर या देव्हेंटर शहरातल्या लोकांचे दात आणि संध्याकाळी हजार वर्षांपूर्वीचे हस्तिदंत — मी म्हणायची, अरे, दातांतून तुझी सुटका म्हणून नाही. मोठमोठे लोक यायचे त्याचा हा मूर्तींचा संग्रह बघायला. मला कोण विचारतंय? आंधळी बायको, कॉफी तेवढी आणून द्यायची. पण तो दवाखान्यात गेला की कपाटाची किल्ली कुठे असते ते मला ठाऊक होतं हो — हे लिहू नकोस. लिहितेयस? पेनाचा आवाज येतोय मला.

ही मारिया, येशूची आई, काही हस्तिदंताची नाही, मऊ दगडाची आहे, साबणासारखा दगड, तळहातात मावते. तुमच्या विद्यापीठाच्या यादीत तिच्यापुढे काय लिहिलंय? वाच परत. ‘मांडीवरच्या बाळ येशूचा चेहरा शतकानुशतकं भाविकांच्या स्पर्शानं झिजलेला’ — ऐकलंस? विबेच्या वहीतलं वाक्य आहे ते, तुमच्या विद्वानांनी जसंच्या तसं उतरवून घेतलं. कुठले भाविक? भाविक मी एकटी! हा अंगठा बघ. अडतीस वर्षं, रोज दुपारी, दोन ते चार.

आता तोंडातून निघालंच आहे तर ऐक — आमचं एक झालं होतं. मुलगा. अकरा दिवस होता. तोवर माझे डोळे गेले होते, म्हणून त्याला मी बोटांनीच पाहिला. नाक असं — इथे किंचित बसकं. मग दोन वर्षांनी विबेनं ही आणली, सहज माझ्या हातात दिली, आणि तेच नाक. तेच गं! त्याला काही बोलले नाही. काय बोलणार? मी घासत नव्हते, शप्पथ, मी फक्त बघत होते. रोज थोडं बघायची आणि रोज थोडं कमी व्हायचं, मला कळायला नको होतं का? कळलं तेव्हा सगळं गुळगुळीत झालं होतं, सोललेल्या बटाट्यासारखं. माझ्याच हातानं. दुसऱ्यांदा गेलं माझं पोर.

विबेला कळलं नसेल? दाताची केसभर झीज ओळखणारा माणूस तो. मला एका शब्दानं बोलला नाही, वहीत ‘भाविक’ लिहून मोकळा झाला. मृत्युपत्र मात्र त्याआधीचं — सगळा संग्रह विद्यापीठाला, एकही वस्तू वेगळी काढायची नाही. ‘एवढी मारिया तुझ्या नावे करून टाकतो’ म्हणाला होता, नोटरीकडे गुरुवारी जायचं होतं. मंगळवारीच बसल्या जागी संपला.

तर मी काय म्हणते — बिघडलेली आहे ना ती? चेहरा नाही, फोटोशी जुळत नाही. मग तुम्हाला कशाला हवी? एकशे बारा वस्तू आहेत, एकशे अकरा न्या. तुझ्या साहेबांना सांग, म्हातारीनं वाट लावली तिची. हवं तर ओरडा मला. — हं. — हं. — असं होय. झिजलेली असली तरी यादीतली ती यादीतली. नाही गं, तुझ्या हातात काही नाही, माहितेय मला. आवाज कशाला रडवेला करतेस? माझ्या तरी कुठे आहे हातात?

बरं, नेण्याआधी एकदा दे. — नाही पाडणार, अजून पडली नाही ती. — हे काय? माझ्या हाताला काय घालतेयस? हातमोजे? अगं, अडतीस वर्षं मी — बरं. नियम. घाल. तो दुसरापण घाल. आता दे.

दिलीस? ...वजन लागतंय. ही कड ना? मग हा... थांब जरा. थांब. कुठाय तो? अगं, काही दिसत नाहीये मला.

घे. घे लवकर. आणि जाताना दार ओढून घे.