पाच पाडली, एक जाळलं

मंडळी, क्लब हाउसच्या या खुर्च्यांवर आपण वाढदिवसाला बसतो, सत्यनारायणाला बसतो. आज आपल्या हॅरल्डसाठी बसलो आहोत. मुलगा म्हणाला, "बाबा, शॉर्टमध्ये बोला. कविता नको." नाही म्हणत रे. हॅरल्डची मुलगी कॅरल समोर बसली आहे. माझी नात तिच्या कानात इंग्रजी करून सांगते आहे. म्हणून सावकाश बोलतो.

अमेरिकेत, या फ्रीमाँटला मुलाकडे आलो तेव्हा दुपारी माझ्याशी बोलायला कुणी नसे. तुम्ही सगळे ऑफिसात. शेजारच्या घराच्या पायरीवर हा हॅरल्ड एकटा बसलेला, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. माझं इंग्रजी मॅट्रिकचं. बोलणं संपलं की मी त्याला शाळेतल्या कविता चालीवर म्हणून दाखवायचो. भुजंगप्रयात सुरू झाला की तो गुडघ्यावर बोटं वाजवायचा. म्हणायचा, "नाना, हे इंजिन नीट चालतंय!"

इंजिन त्याला कळायचं. दुसऱ्या महायुद्धात तो उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटावर लढाऊ विमान उडवायचा. एकट्यानं बसायचं विमान. शत्रूची पाच विमानं पाडली की वैमानिकाला 'एस' म्हणतात. हॅरल्ड एस होता. आपली पोरं विचारायची, "आजोबा, हाउ मेनी?"

"पाच पाडली, एक जाळलं."

"मग सिक्स!"

"नाही रे. सहावं माझं होतं."

तेव्हा तो हसायचा नाही. पाहिलंत ना तुम्ही?

शेवटच्या उड्डाणात गोळ्या लागल्या. इंजिन तापलं. त्यानं विमान वाळूत पोटावर उतरवलं. अंगावर ओरखडाही नाही. विमानाला तो 'ती' म्हणायचा. "तिनं मला अंडं ठेवावं तसं खाली ठेवलं, नाना." पण हुकूम होता, विमान शत्रूच्या हाती लागू द्यायचं नाही. दूर धूळ उठली. ट्रक येत होते. कुणाचे? थांबून पाहायची सोय कुठे होती? त्यानं पेट्रोल ओतलं आणि काडी लावली.

ट्रक त्याच्याच लोकांचे होते, मंडळी. त्यालाच न्यायला आले होते. मेकॅनिक खाली उतरला, बघत राहिला, म्हणाला, "दुरुस्त झाली असती रे ही."

तेवढं एक वाक्य. साठ वर्षं ते त्याच्याजवळ राहिलं. हल्ली टीव्हीवर इराकचं वाळवंट दिसलं की तो टीव्ही बंद करायचा. एकदा मला म्हणाला, "नाना, तू बायकोला स्वतः अग्नी दिलास. ती श्वास घेत असेल, असं नाही वाटलं?"

म्हटलं, "वाटलं. अजून वाटतं."

मग म्हणाला, "एखादी कविता म्हण." मला एकही आठवेना.

दहन करा, असं त्यानं सांगून ठेवलं आहे. उद्या दहनगृहात भट्टी सुरू करायचं एक बटण असेल. काल कॅरल दारात येऊन म्हणाली, "नाना, आय कान्ट. तुम्ही दाबा." मी नाही म्हटलं. ते मुलीनंच करायचं. पण कॅरल बेटा, माझा हात तुझ्या हातावर असेल. डॉक्टरांनी पाहिलं आहे, मी पाहिलं आहे. तो गेला आहे. नंतर मनात शंका येईल. येऊ दे. आली की माझं दार वाजव.

आणि मंडळी, उद्या मीटिंग असेल तर कॅन्सल करा. त्या दिवशी वाळवंटात "थांब जरा" म्हणायला त्याच्याजवळ कुणी नव्हतं. उद्या कॅरलच्या मागे आपण सगळे असायला हवं.

आता उभे राहू या. पोरांनो, फोन बंद करा. थोडा वेळ कुणीच बोलायचं नाही, मीसुद्धा.

हॅरल्ड, मित्रा, नमस्कार.