वांग्याची गाय

मेलेल्या माणसाची परतीची गाय कुणी भाजून खाल्ली, तर तो माणूस परत जाणार कशावर?... नाही, सांगा ना! मी आत्याला विचारलं, देवळातल्या म्हाताऱ्या भिक्षूंना विचारलं, त्या टोकियोच्या हिरामात्सु बाईंना विचारलं. आत्या म्हणाली, "तोंड बंद कर." भिक्षू म्हणाले, "आधी चहा घे." आणि बाई माफी मागायला वाकल्या, त्या वाकल्याच! मी म्हटलं, बाई, उठा, पाठ धरेल. उठल्या, पण उत्तर? उत्तर नाही!

तुम्हाला सांगतो, ती परदेशी पोरं या वर्षी आमच्याकडे यायलाच नको होती. पण बोलावलं कुणी? माझ्या दादानं! मासातोशीनं! दर उन्हाळ्यात हिरामात्सु बाई पोरांची एक टोळी घेऊन आमच्या गावात येणार, पोरं आमच्या घरी राहणार, आणि दादा त्यांना जपानी संस्कृती आणि जपानी निसर्ग दाखवणार. निसर्ग म्हणजे काय हो? आमच्या घरामागचा डोंगर! दादा त्यांना जुन्या झाडांना कान लावायला सांगायचा, म्हणायचा, आतलं पाणी ऐका. आणि ती येडी ऐकायची! रडायची सुद्धा!

मग फेब्रुवारीत दादा शेजारच्या आजींच्या छपरावरचा बर्फ काढायला चढला, आणि बर्फाबरोबर तोही खाली आला. बर्फ वितळला. दादा उठला नाही.

तर बाईंचा फोन आला, "या वर्षी रद्द करू या का?" आई म्हणाली, "त्यानं हो म्हटलंय." झालं! दादा गेल्यावरचा पहिलाच ओबोन, म्हणजे मेलेली माणसं घरी येतात तो सण, घरात त्याच्या नावाची पाटी मांडलेली, आणि दारात परदेशी बुटांचा डोंगर! आणि डोंगर दाखवणार कोण? मी! शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, ते अजून ठरलेलं नाही, आणि मी शिकवणार निसर्ग! मी दाखवला. म्हटलं, हे झाड. हे पण झाड. तो दगड. चला जेवायला.

आता गायीचं ऐका. आमच्यात ओबोनला माणसं येतात काकडीच्या घोड्यावर, म्हणजे लवकर पोचतात. आणि जातात वांग्याच्या गायीवर, म्हणजे रमतगमत जातात. काकडीला चार काड्या खोचा, घोडा. वांग्याला चार काड्या खोचा, गाय. मी केली होती, माझ्या हातांनी. पाटीपुढे ठेवली होती. वाट दिसावी म्हणून फाटकाशी विस्तव पेटवला, आणि दादा आला. आला म्हणजे आला! मला विचारू नका कसं कळलं. तुमचा भाऊ घरात आलेला तुम्हाला कळत नाही का?

आणि दादाच्या निरोपाच्या आदल्या संध्याकाळी ती मॅडलिन, कॅनडाची, केस गाजरासारखे, म्हणते, "आज स्वयंपाक आम्ही करणार! आभार म्हणून!" आई म्हणाली, "करा, बाळांनो." आता बाईंनी त्यांना बसमध्ये पढवलेलं, जपानात अन्नाचा कण वाया घालवायचा नाही. तिनं काय बघितलं? पाटीपुढच्या फळीवर एक वांगं, उन्हाळ्यानं मऊ पडत चाललेलं, त्याला काड्या खोचलेल्या. तिला वाटलं, भाजायलाच ठेवलंय! मिसो, ते आमचं सोयाबीनचं खारट वाटण, लावून भाजलं हो गायीला! आणि खाल्लं कुणी? मी! दोन तुकडे! वर म्हणालो, "वा, मस्त झालंय!" खरंच झालं होतं, खोटं कशाला बोलू?

मग आत्या फळीपाशी गेली आणि किंचाळली.

मॅडलिन रडायला लागली. बाई वाकल्या, ते सांगितलंच. आत्या म्हणाली, "रडायला काय झालंय? मळ्यात वांगी लोंबतायत. ऊठ रे, दुसरी गाय कर." आणि माझ्या डोक्यात, तुम्हाला सांगतो, लख्ख उजेड पडला. गाय नाही... तर तो जाणार कशावर?

म्हटलं, "नाही करणार."

"काय म्हणालास?"

"नाही करणार! राहू दे त्याला!"

"अरे गाढवा, मेलेली माणसं राहत नसतात!"

"मग जाऊ दे ना चालत! मी बघतोच कसा जातो!"

आणि मी उठलो, मळ्यात गेलो, आणि वांगी तोडली. सगळी! बोटाएवढी सुद्धा सोडली नाहीत. टोपलीभर वांगी ओढ्यात ओतली आणि ओरडलो, "आता करा गाय!" शेजारच्या आजी खिडकीतून म्हणतात, "अरे, एखादं लोणच्याला तरी ठेवायचंस!"

दुसऱ्या दिवशी मी दादाच्या खोलीच्या दारात ठाण मांडून बसलो. भिक्षू आले, चहा पिऊन गेले. आत्या बोलून बोलून दमली. दुपारी मॅडलिन आली, कमरेपर्यंत ओली, गुडघा खरचटलेला. ओढ्याच्या काठाकाठानं पार खालच्या पुलापर्यंत गेली होती. हातात एक वांगं. त्याला तिनं काड्या खोचलेल्या, चारही चार दिशांना. गाय कसली, बर्फावर घसरलेलं कुत्रं!

म्हणाली, तिच्या त्या मोडक्या जपानीत, "माझी आजी गेली. आम्ही तिला काही दिलं नाही. कशावर गेली, माहीत नाही."

मी म्हटलं, "ठेव तिकडे. पण मी निरोपाचा विस्तव पेटवणार नाही!"

तेव्हा आई आली. माझ्या शेजारी जमिनीवर बसली, माझ्या पायजम्याला चिकटलेलं गवत काढत राहिली, आणि म्हणाली, "अरे, तुझे बाबा गेल्यापासून तिकडे एकटे आहेत. त्यांना साधा भात लावता येत नाही. दादाला पाठव."

सांगा! आता सांगा! मी आत्याशी भांडीन, भिक्षूंशी भांडीन, पण बाबांच्या भाताशी कसा भांडू?

संध्याकाळी फाटकाशी विस्तव मीच पेटवला. पोरं रांगेत उभी, हात जोडून. बाई परत वाकल्या. आत्या नाक पुसत म्हणाली, "शहाणा झाला हो पोरगा!" ती गाय विस्तवाशेजारी ठेवली, गावाबाहेरच्या रस्त्याकडे तोंड करून. मग सगळे जेवायला आत गेले.

शहाणा कसला! मी खाली बसलो, आणि गायीचा मागचा एक पाय अर्ध्यात मोडून टाकला. जायचंय ना? जा. लंगडत जा.