वकिलातीच्या दारातलं हॉटेल

...नाही, पण जवळ म्हणजे किती जवळ, ते तरी कुणी सांगेल का मला? जो येतो तो हेच विचारतो. "ईरज आगा, हॉटेल वकिलातीपासून लांब पडलं का हो?" अहो, लांब कसलं! खिडकीतून हात काढला असता तर त्यांच्या पहारेकऱ्याची टोपी हातात आली असती. म्हणजे समोरची खोली मिळाली असती तर. ती का नाही मिळाली तेही सांगतो, पण आधी बसा, चहा घ्या, काकडी सोला, माझ्याकडे हल्ली वेळच वेळ आहे.

तर तुम्हाला सांगतो, अमेरिकेच्या व्हिसासाठी आपण हमदानच्या माणसांनी जायचं कुठं, तर तुर्कांच्या अंकाऱ्याला. आपल्या तेहरानात अमेरिकेची वकिलात नाही, का नाही, कधीपासून नाही... त्यात शिरलो तर तुमचा चहा गार होईल. आमची लेक नस्तरन तिकडे ह्यूस्टनला, आणि नस्तरनची आवा तिथंच जन्मलेली. दोन वर्षांची आहे. तिच्या लेखी आजोबा म्हणजे काय, तर एक काच. "आजोबा आले" म्हटलं की पोरगी फोनच्या काचेला ओठ लावते आणि मी इकडे या खुर्चीत बसून काचेला गाल लावतो. हसू नका, तुम्हीही लावला असता. मला काही नको होतं हो, ना त्यांच्या उंच इमारती, ना त्यांचे रस्ते. त्या पोरीला एकदा मांडीवर घ्यायचं होतं. मांडीवर वजन किती लागतं तेवढं बघायचं होतं, बस्स.

मुलाखतीची तारीख आली आणि घरात एकच विषय, हॉटेल! वकिलातीजवळचंच पाहिजे. का, तर आत फोन नेऊ देत नाहीत, मग ठेवायचा कुठं? सकाळी लवकर बोलावतात, अनोळखी गावात टॅक्सी चुकली तर? शिवाय आमच्या बायकोचे, इफ्फत खानमचे गुडघे, ते तर चढ बघितला की आधीच संप करतात, आणि अंकारा म्हणजे सगळा चढच. मी आयुष्यभर पाणीखात्यात नळ टाकले, नकाशा वाचायची सवय, मी नकाशा पसरून बसलो. एवढ्यात माझी मेहुणी महीन आली. "भावोजी, नकाशा ठेवा बाजूला. हॉटेल पायगुणाचं पाहिजे. माझ्या जावेचा भाऊ जिथं उतरला तिथंच उतरा, तिथं उतरलेल्या एकालाही नकार आलेला नाही." मी विचारलं, "किती जण उतरले होते?" म्हणते, "तोच एक."

बरं, फोनवर मुलाखतवाल्यांचा एक गट असतो, त्यात मला कुणीतरी घातलं. तिथं एक म्हणतो, अगदी जवळ घ्या. दुसरा म्हणतो, फार जवळ नको, आतल्यांना वाटतं यांना घाई झालीये. तिसऱ्याचं म्हणणं, न्याहारीत अंडी देतात त्या हॉटेलात जाऊ नका, ऐन मुलाखतीत पोट बोलतं. एका बाईंनी लिहिलं, मी उजव्या कुशीवर झोपले होते, मला मिळाला! आता उजव्या कुशीचं हॉटेल कुठं शोधायचं?

आणि खरं सांगू का, हॉटेल शोधायची गरजच नव्हती. माझा शाळेपासूनचा दोस्त फरामर्ज, दातांचा डॉक्टर, तीस वर्षं अंकाऱ्यात, आणि त्याचं घर कुठं, तर वकिलातीच्या मागच्याच गल्लीत! मी फोन केला, सहज, हवापाण्याचा. तो म्हणाला, "अरे ईरज, हॉटेल कशाला? खोली रिकामी आहे, बायकोही म्हणते या. उतरतोस का आमच्याकडे?" आता माणसानं काय म्हणायचं? मी म्हटलं, "छे छे, फरामर्ज जान, तुम्हाला कशाला त्रास." तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय? आपल्यात शेंबड्या पोराला कळतं याचा अर्थ, पुन्हा विचार! मग त्यानं शपथ घालायची, मी नको रे म्हणायचं, मग त्यानं "आला नाहीस तर तोंड बघणार नाही" म्हणायचं, आणि मग मी सुस्कारा टाकून म्हणायचं, "बरं बाबा, तू काही ऐकणार नाहीस." तीनदा! याला तर आपण तारोफ म्हणतो, अहो, नळ दुरुस्त करायला आलेल्यालासुद्धा आपण तीनदा जेव म्हणतो, आणि तोही दोनदा नको म्हणून मगच जेवतो. आणि हा गृहस्थ काय म्हणाला? "बरं, तुझी मर्जी." आणि लागला की स्वतःच्या गुडघ्यांचं सांगायला! तीस वर्षं परक्यांत राहून माणूस पार कामातून गेला. एकदाच विचारलं हो. एकदाच!

इफ्फत म्हणाली, "मग सरळ हो म्हणायचं होतंत." सरळ? पहिल्या झटक्यात? मी काय उपाशी आहे? ती म्हणाली, "भीड भिकेची बहीण." आणि आत जाऊन भांडी आपटली.

तर घेतलं शेवटी हॉटेल, वकिलातीच्या दारातलं. सामान काय, तर कपड्यांची एक पिशवी आणि बाकी सगळं लेकीसाठी, पिस्ते, सुकवलेली लिंबं, इफ्फतनं केलेला गाजराचा मुरंबा. मी म्हटलं, "अगं, आधी व्हिसा तर मिळू दे." तर म्हणते, "असू दे बरोबर, बरकत असते." हॉटेलात गल्ल्यावर ओरहान नावाचा तुर्क, आपल्या लोकांची गिऱ्हाइकी करून करून मोडकीतोडकी फारसी शिकलेला. म्हणाला, "दोन खोल्या रिकाम्या. एक समोरची, ऊन येतं, वकिलात दिसते. एक मागची. समोरची हवी का?" मी म्हटलं, "तुम्हाला सोयीची असेल ती द्या, आमचं काय, कुठंही पडून राहू." त्यानं मागची किल्ली काढून ठेवली. मग विचारलं, "पिशव्या वर नेऊ?" मी म्हटलं, "नको नको, राहू दे." तो बसला खाली! अक्षरशः बसला, आणि टीव्ही बघायला लागला. मी मुरंब्याच्या बरण्या घेऊन जिना चढतोय, इफ्फत कठड्याला धरून एकेक पायरी चढतेय, आणि तो बसलाय! मागच्या खोलीच्या खिडकीत काय, तर खाली कबाबाची भट्टी आणि समोर भिंत. वकिलात तिथंच होती म्हणे, भिंतीच्या पलीकडे. एकदाच विचारलं होतं त्यानंही.

मग त्या खोलीत मी इफ्फतची तयारी घेतली. मी पलंगावर बसून साहेब झालो. "खानम, कशासाठी जाताय?" ही लागली सांगायला, लेकीला गाजराचा मुरंबा किती आवडतो, जावई कसा वाळलाय, तिथल्या बाजारात वेलदोडा कसा मिळत नाही... मी म्हटलं, "बाई, विचारलं तेवढंच बोल. उगाच हात दाखवून अवलक्षण करू नकोस. तिथं तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही." असं मी म्हणालो. हे लक्षात ठेवा, हे मी म्हणालो.

सकाळी फोन ओरहानकडे ठेवले आणि गेलो. रस्ता ओलांडला की वकिलात, गुडघ्यांनाही कळलं नाही. खिडकीपलीकडे तरुण साहेब, आणि अहो, फारसी बोलतो! स्वच्छ, शुद्ध, मला तर उचंबळून आलं, वाटलं, चला, आपलाच माणूस भेटला. कुणी शिकवली असेल याला भाषा? शब्द सगळे शिकवले, रीत तेवढी शिकवायची विसरले. इफ्फतला विचारलं कशासाठी, ही म्हणाली, "नातीला भेटायला." संपलं! पुढं एक शब्द नाही. मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू. मग त्यानं विचारलं, मागे घरी कोण आहे, काय आहे, परत कधी येणार. मी नीट सांगितलं. मग त्यानं कागद चाळले, वर बघितलं आणि विचारलं, "दोघांनाही जाणं गरजेचं आहे का?"

आणि काय सांगू तुम्हाला. आईनं लहानपणी जे घोटून घेतलं असतं ना, ते डोक्याच्या आधी तोंडात येतं. मी छातीवर हात ठेवला, जरा वाकलो आणि म्हणालो, "छे छे साहेब, तुम्हाला अडचण असेल तर हिलाच द्या. आई आहे ती. माझं काय, मी राहीन घरी."

आता कुठल्याही माणसानं काय म्हणावं? "असं कसं आगा, तुम्हीही आजोबा आहात!" मग मी म्हटलं असतं, नको साहेब, तुमच्यावर ओझं नको. मग त्यानं म्हणायचं, तुम्ही गेलंच पाहिजे, आणि मग मी... मी तर सुस्कारासुद्धा भरून ठेवला होता. तो म्हणाला, "ठीक आहे." आणि टाइप करायला लागला. हिचा पासपोर्ट त्यानं ठेवून घेतला, म्हणजे हिला व्हिसा. माझा काचेखालून परत आला, आत घडी घातलेला नकाराचा कागद. मी म्हटलं, "साहेब, ते मी आपलं म्हणायची रीत म्हणून..." तो म्हणाला, "निर्णय झाला आहे. शुभ दिवस." आणि मी काय म्हणालो असेन? मी आपल्या रीतीनं आभार मानले, "तुमच्या हातांना कधी दुखणं न येवो." त्याला! जीभ हो, जीभ. एकदाच विचारलं त्यानं. एकदाच.

परत आलो, रस्ता ओलांडला की हॉटेल. ओरहाननं फोन दिले, विचारलं, "झालं काम?" मी म्हटलं, "झालं." तो म्हणाला, "छान."

 इफ्फत भांडली असती तर बरं वाटलं असतं मला. मागच्या खोलीत जाऊन बरण्या पुन्हा कपड्यांत गुंडाळत बसली. मग म्हणाली, "मी एकटी जाणार नाही." मी म्हटलं, "जा गं, एकानं तरी जाऊन यावं." म्हणाली, "तुमच्याशिवाय? नाव काढू नका." घरी आल्यावर मी पुन्हा म्हटलं, "जा, पोर मोठी होतेय." म्हणाली, "वेड लागलंय का तुम्हाला?" तेव्हा मला किती बरं वाटलं, ते तिला कळलं नसेल. मग एका दुपारी फोन आला, आवानं काचेला ओठ लावले, हिनं इकडून लावले, फोन बंद झाल्यावरही इफ्फत काच पुसेना. मी तिसऱ्यांदा म्हटलं, "जा."

म्हणाली, "बरं."

 रीत म्हणजे रीत. त्या सगळ्या धावपळीत रीत पाळणारं एकच माणूस भेटलं, आणि तेही माझ्याच घरातलं.

गेली. मुरंब्यासकट गेली. आता फोनच्या काचेत दोघी असतात, आवा हिच्या मांडीवर. इफ्फत म्हणते, "जड आहे हो पोर, पायाला मुंग्या येतात." मी म्हणतो, असं का. परवा नस्तरननं विचारलं, "बाबा, एकटं वाटत नाही ना तुम्हाला?" मी म्हटलं, "छे छे, मजेत आहे, माझी कसली काळजी करतेस!" माझी लेक हो, माझ्या हाताखाली वाढलेली. म्हणाली, "बरं मग." आणि आवाला भरवायला गेली. तीही आता एकदाच विचारते.

अहो, उठलात कशाला? बसा की. अजून चहा आहे. नको? बसा हो. उशीर होतोय? हे बघा, मी आत्ता दोनदाच म्हटलंय बसा म्हणून. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत तरी थांबा.