देजातली गाय

सोरोटीच्या स्टँडवर बसची रांग रेंगाळली होती. प्रयोगशाळेत काम करणारी अकितेंग मांडीवर बर्फाची पेटी घेऊन ओट्यावर बसली होती. तिच्या मागेच सासरा-जावयाची जुंपली होती.

"जावईबापू, लेकीच्या बदल्यात तुम्ही देजात दिलेली गाय खंगून मेली. दुसरी आणा, नाहीतर माझ्या अमोंगिनला माहेरी धाडा."

"मामा, मेली कसं म्हणता? माशीने तिच्या रक्तात सोडलेले जंतू प्रयोगशाळेच्या नळीत जिवंत आहेत."

"जंतू?"

"साधेसुधे नव्हेत. घडोघडी अंगरखा बदलतात, शरीराला ओळखूच येत नाहीत. परदेशातून साहेब लोक बघायला येतात. तुमच्या भावाच्या गाईकडे कुणी फिरकलं का?"

"दूध देतात?"

"गाय तरी कुठे देत होती?"

"आजारी होती ती. आजारी गाय गळ्यात मारलीत तुम्ही."

"धडधाकट असती तर जंतू कुठून आले असते? आता एकाचे दोन, दोनाचे चार होतायत. तुमचं देज पोचलं, मामा. पिल्लावळीसकट पोचलं."

सासऱ्याने पुढे वाकून अकितेंगला विचारलं, "पोरी, पेटीत काय गं?"

"गुरांचं रक्त, बाबा. तपासायला नेतेय."

"माझ्या लेकीचं काढशील थोडं?"

"काढीन की. आजारी आहे का?"

"ठणठणीत आहे. जावईबापूंना तेवढं नळीत भरून दे. बाकीची लेक मी घरी नेतो."