जावईबापू आणि डावा ब्रेक

त्या दिवशी माझी जुनी बुलेट जावईबापूंनी हौसेनं चालवायला घेतली आणि मी मागं बसलो. त्यांच्या नव्या बुलेटचा ब्रेक उजव्या पायाशी असतो. माझ्या जुनीचा डाव्या पायाशी, उजवीकडे गिअर. तसं निघतानाच सांगितलं होतं मी. पण मुलुंड कॉलनीच्या उतारावर केळ्यांची हातगाडी आडवी आली आणि त्यांनी सवयीनं उजवा पाय दाबला. वरचा गिअर पडला, गाडी आणखी सुटली.

"पप्पा, ब्रेक लागत नाही!"

"जावईबापू, तुम्ही जरा डावा..."

त्यांनी पुन्हा उजवाच दाबला. केळीवाला ओरडला.

"अरे गाढवा, डावा पाय दाब!" मीही ओरडलो.

या वेळी डावा दाबला गेला आणि चाक हातगाडीला टेकून थांबलं. जावयाला गाढव म्हणालो, मला मान वर करवेना.

ते घाम पुसत म्हणाले, "पप्पा, गाडीवर बसल्यापासूनच गाढव म्हणायचं ना!"