ओंडक्यावरचं भूछत्र

दादा : आधी नीट बघ, मग तोंड उघड. भिंग आणलंयस ना?

चिमी : भिंग कशाला, दादा? बेडूकघराच्या दारातूनच ओळखलं मी.

दादा : दारातून! भूछत्रांपायी जन्मभर रानं तुडवलीस, म्हणून काय झालं? खाली वाक जरा. काचपेटीत आपला बेडूक ज्या ओंडक्यावर बसायचा, त्याच ओंडक्यावर आलंय. तो गेला आणि लगेच हे उगवलं.

चिमी : ओंडका इथल्याच रानातला. हे आत मुरलेलं असणार. तू रोज घासायचास, म्हणून वर येत नव्हतं. आता घासणं सोडलंस.

दादा : कुणासाठी घासू?

चिमी : ...जेवलायस का तू?

दादा : विषय बदलू नकोस. साहेब म्हणतात, उद्या पेटी रिकामी करा. मी म्हटलं, आत काहीतरी दुर्मिळ उगवलंय, माझी बहीण त्यातली जाणकार आहे, ती सांगेल. तू फक्त एवढंच म्हण, की तपासायला वेळ लागेल.

चिमी : अरे, कुत्र्याची छत्री आहे ही. बाहेर पडलेल्या प्रत्येक लाकडावर सापडेल. येताजाता पायानं उडवतोस ती.

दादा : म्हणजे दूरदेशीच्या गरम, दमट रानातला, त्याच्या जातीचा शेवटचा बेडूक गेला, जगात दुसरा नाही, आणि त्याच्या जागेवर ही फुकटी येऊन बसली!

चिमी : फुकटी म्हणू नकोस हं. तो एकुलता एक, म्हणून त्याला काच, धुकं, डॉक्टर. हिला कुणी हिंग लावून विचारत नाही. पण हिच्यासारख्या नसत्या ना, तर पडलेली झाडं तशीच पडून राहिली असती. नव्याला जागाच मिळाली नसती.

दादा : तुला त्याचं काहीच वाटत नाही.

चिमी : वाटतं रे. त्या दिवशी बातमी कळली तेव्हा शिकवता शिकवता वर्गाबाहेर निघून गेले. पण मी खोटं बोलले तर तो परत येणार आहे का?

दादा : धुक्याचा पंप तरी चालू राहील. तो बंद झाला की संपलंच गं सगळं.

चिमी : संपलंय, दादा.

(दादा पंपाजवळ जाऊन उभा राहतो.)

चिमी : बटण मी दाबू?

दादा : नको. मीच करतो.

(पंप थांबतो.)

चिमी : ये, बस जरा माझ्याजवळ.

दादा : शेवटी शेवटी सारखा ओरडायचा गं, मादीसाठी. आणि मी म्हणायचो, गप रे बाबा, डोकं उठवलंस.